कानात सांगितलेलं नाव

आत्या पहिल्या भेटीत कुणालाही नाव विचारत नसे. ती विचारायची, "कुनाची गं तू?" पुरुष असला तर "कुनाचा रं?" आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे अशी बघत राहायची, की खोटं सांगायचं ठरवून आलेल्याचंही ते घशात अडकावं.

हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो. स्पष्टच लिहिते. आमच्या लोकांना तो जन्मल्यापासून विचारला जातो आणि तो कधीच साधा नसतो. एसटीत विचारतात, शाळेत विचारतात, भाड्याची खोली बघायला गेलं की विचारतात. विचारणाऱ्याला आपला बाप नको असतो, आपली वस्ती हवी असते. म्हणून काष्टीच्या अलीकडे तिच्या वाडीवर मी पहिल्यांदा गेले आणि गोवऱ्या थापता थापता तिने हाच प्रश्न टाकला, तेव्हा पत्रकांची पिशवी खांद्यावरून खालीही न ठेवता मी म्हणाले, "बौद्धवाड्यातली आहे. पाणी मागायला आले नाही, साक्ष मागायला आले आहे."

"आगं, वस्ती कुनी इचारली तुला? आईचं नाव सांग."

सांगितलं.

"आन् आज्जी कोन?"

तेही सांगितलं. आत्याचे शेणाचे हात थांबले. "म्हंजे तू पारूची नात! बहात्तरच्या दुष्काळात एका रांगंत खडी फोडलीय आमी. मुकादमाला शिव्या देत देत फोडायची. तोंड तिचंच घेतलंयस की."

मग चहा आला. कप कोणता आहे ते मी पाहिलं. सवय आहे. तिने मला बघताना बघितलं. "निरकून काय बगतीस? घरात दोनच कप हायेत, त्यातला एक फुटका. फुटका मी घेतलाय."

साक्ष कशाची, ते आता सांगते. आत्याचा सख्खा धाकटा भाऊ म्हणजे आबा. साखर कारखान्याचा संचालक, दाराशी जीप, गावात शब्द. त्याच्या पहिल्या बायकोला मूल नव्हतं. मुलगा हवा म्हणून त्याने सुरेखा नावाच्या मुलीला डोंगरावरच्या देवळात माळ घातली आणि श्रीगोंद्यात खोली घेऊन ठेवलं. झाली मुलगी. आबा तिला बघायलाही गेला नाही. हळूहळू जाणं बंद, खर्च बंद. सुरेखा आमच्या संघटनेकडे आली आणि आम्ही पोटगीचा दावा लावला, तेव्हा त्याने वकिलाकरवी लिहून दिलं की ह्या बाईला मी ओळखत नाही आणि हे मूल माझं नाही. पहिली बायको हयात असल्यामुळे सुरेखाचं लग्न कायद्यापुढे टिकणार नव्हतं. टिकू शकत होता तो फक्त मुलीचा हक्क, आणि तोही बाप सिद्ध झाला तरच.

त्या मुलीच्या बारशाला बापाकडचं एकच माणूस गेलं होतं. आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बापाच्या बहिणीचा, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आत्या एकटी एसटीने गेली, घरमालकिणीचा पाळणा मागून आणला, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं चंद्रभागा. पुढे सगळे तिला चंदा म्हणायला लागले. चंद्रभागा म्हणजे आत्याची आणि आबाची आई. तिचं नाव दुसऱ्या कुणाच्या पोराला आत्याने दिलं असतं का? शेजारच्या बायांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ते तिला इतके लागले की त्याची तक्रार ती मला पुढे कितीदा तरी सांगत असे. "परक्या बाया, पन रीत सोडली न्हाई. एकीनं तर सासूचा राग काडला माज्यावर."

नातं लावणं हा आत्याचा धंदा नव्हता, छंदही नव्हता. तो तिचा श्वास होता. सोयरीक ठरवायची झाली की लोक आधी तिच्या ओट्यावर येत. मुलीची आई कुणाची, तिची आई कुठल्या गावची, देवक कोणतं, कोणती बहीण कुठे दिली आणि कुठली परत आली, सगळं ती धारा काढता काढता सांगायची. पुरुषांना बापाकडून वर जाणारी एक वाट माहीत असते. आत्याला बायकांकडून आडव्या जाणाऱ्या सगळ्या वाटा माहीत होत्या.

म्हणूनच आबाच्या भावकीने कुळाचा वंशवृक्ष छापायचं ठरवल्यावर तिचं काम पडलं. भावकीतल्या एका पोराने नगरला कॉम्प्युटर टाकला होता. तो टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि आत्या बोलली. दुपारभर बोलली. पोरगा चकित झाला. "आत्या, तुमी म्हणजे नुसती फ्लॉपी आहात!"

"ती काय असती?"

"तिच्यात सगळं भरून ठेवायचं. मग कॉम्प्युटरात घालायची."

"मला कशात घालनार हाईस ते आदी सांग, मंग बोलते."

पुढच्या वेळी तो कागद घेऊन आला. झाडाचं चित्र, फांदीफांदीला नावं. आत्याला वाचता येत नव्हतं. तिने सगळं वाचून घेतलं आणि विचारलं, "आन् माजी आई? माज्या आत्या? मी?"

"वंशवृक्षात बायका नसतात, आत्या."

"आसं व्हय? मंग ह्या फांद्या काय आपल्या आपन बाळंत झाल्या?" पोरगा हसला. ती हसली नाही. "बरं, बाया नसू दे. पन आबाच्या फांदीला एक पान हाय, ते लिव. चंद्रभागा." पोराने टेपचं बटण दाबून बंद केलं. हे मला तिनेच सांगितलं, आणि ते बटण कसं टचकन वाजलं तेही.

तिने साक्षीला यावं म्हणून मी तिच्या वाडीवर चकरा मारत होते. शेजारच्या घरातला तिचा दीर मला बघून प्रत्येक वेळी खाकरायचा. "आली पत्रकवाली. आता घरं मोडत्यात." एके दिवशी मी तिथे असतानाच आबाची जीप आली. तो मला बघून उतरला, पण मला बघितल्याचं दाखवलं नाही. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का. ओट्यावर बसला, बहिणीच्या पाया पडला. खोटं नव्हतं ते पडणं. आई गेल्यावर ह्याच बहिणीने त्याला वाढवला होता. तिच्या लग्नानंतरही तो सासरी तिच्या मागे मागे आला होता आणि शाळेत जाईपर्यंत तिथेच राहिला होता.

"आक्का, तू कोर्टात जानार न्हाईस."

"कोन म्हनलं जानार हाय?"

"मंग ही हितं कशाला येती?"

"तिच्या आज्जीनं आन् मी संगं खडी फोडलीय. येईल न्हाईतर काय करील?"

आबा पुढे सरकून बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आक्का, दर पंचमीला तुला न्यायला कोन येतं? मीच ना? तू कोर्टाची पायरी चढलीस की त्या दिवशी तुजं म्हायार संपलं. ती पोर आपल्या रक्ताची न्हाई."

आत्याच्या हातात तांदळाचं सूप होतं. ते तिने खाली ठेवलं. "रक्ताचं बोलू नगंस आबा."

"का न बोलू?"

"रक्ताचं बोलाया लागलास तर लई मागनं सुरवात करावी लागंल."

आबाला ते कळलं नाही. मलाही नाही. तो उठला, जाताना दाराला हात लावून उभा राहिला आणि गेला. आत्याने सूप पुन्हा उचललं. खडे निवडण्याऐवजी ती तांदूळच टाकत होती.

मग तिने जे सांगितलं ते ती गेल्यावर लिहायची मला मुभा होती, फक्त तिच्या माहेरच्या गावाचं नाव घालायचं नाही ह्या अटीवर. म्हणून ते ह्या लिखाणात कुठेही नाही. तिचा आजा, म्हणजे ज्याच्यापासून त्या वंशवृक्षाच्या सगळ्या फांद्या फुटतात तो, थोरल्या दुष्काळात नदीच्या वाळूत सापडलेलं पोर होता. कुणाचं, कुठल्या जातीचं, माहीत नाही. ज्या घरात मूल नव्हतं त्या घराने उचललं. त्या घराची लेक माहेरी आलेली होती. तिने पोराला मांडीवर घेतलं आणि कानात नाव सांगितलं. झालं. त्या दिवसापासून तो त्या कुळाचा. ही गोष्ट पुरुषांनी एका पिढीत विसरून टाकली. बायकांनी ती एका आत्याकडून दुसऱ्या आत्याकडे दिली.

मी तिला रक्ताच्या तपासणीबद्दल तेव्हाच समजावत होते. आमच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं की आता नवीन तपासणी निघाली आहे. आई, मूल आणि तो माणूस, तिघांचं रक्त हैदराबादला पाठवायचं, बाप कोण ते पक्कं कळतं. मी खुळ्यासारखी खूश होते. वाद नाही, साक्षीदार फुटायची भीती नाही. विज्ञान आबाच्या जीपला घाबरत नाही, असं वाक्य मी पत्रकासाठी तयार करून ठेवलं होतं.

आत्या म्हणाली, "त्या रक्तात आमचा आजाबी दिसंल का?"

"नाही हो आत्या. फक्त तिघांचं जुळवतात."

"आज तिघांचं. उद्या?"

"उद्याचं उद्या."

"तुजं काय जातंय उद्या म्हनाया. उद्या कुनीबी उठंल आन् म्हनंल, दाखव रगात, मंग घरात घेतो. रगात न्हाई जुळलं तर? टाकायचं पोर हिरीत?"

"मग काय करायचं? तुमच्या कुर्रवर कोर्ट विश्वास ठेवणार आहे का?"

आत्याने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "बगू की ठिवतंय का."

अशी आत्या कोर्टात आली. आबाचा वकील नगरहून आणलेला होता. त्याने तिला बारशाबद्दल विचारलं, मग कोर्टाकडे वळून हसत म्हणाला, "म्हणजे या बाईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं, एवढाच पितृत्वाचा पुरावा?" मागे आबाची माणसं हसली.

आत्याने कठड्यावर हात ठेवला. "सायेब, तुमचं नाव काय?"

"प्रश्न मी विचारायचे, बाई."

"इचारा की. पन तुमचं नाव तुमच्या कानात पयलं कुनी सांगितलं? तुमच्या आत्यानंच ना? मंग तेच नाव तुमी कोर्टाच्या कागदावर लिवता कसं?"

न्यायाधीशांनी खाली बघितलं. मला वाटतं ते हसू लपवत होते. पण हसून दावा जिंकता येत नाही. वकील म्हणाला, बहिणीचं भावाशी शेतीवरून वाकडं आहे. हे धादांत खोटं होतं. तिने आपला हिस्सा कधीच आबाला सोडून दिला होता. आमच्या वकीलबाईंनी तपासणीची मागणी केली. मला वाटलं, आबा नाही म्हणणार, त्याला तसा हक्क होता. पण तो उभा राहिला, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या रक्त. हैदराबादला न्या, दिल्लीला न्या. मर्दाची जात हाय."

त्याला एवढी छाती कुठून आली ते आम्हाला नगरच्या दवाखान्यात कळलं.

तिथे बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी. मी सुरेखा आणि चंदाबरोबर आत होते. चंदा सुईला बघून किंचाळत होती आणि सुरेखा तिचा हात धरून स्वतः रडत होती. आत्या बाहेर बाकावर बसली होती, डोकं भिंतीला टेकून. समोरच्या खोलीतून एक माणूस दंडाला कापूस दाबून बाहेर आला. पांढरा सदरा, टोपी, तोंडावरून उपरणं. त्याला सांगितलेलं असणार की मान वर न करता सरळ जीपमध्ये जाऊन बस. पण बाकावर आत्या बसलेली दिसली आणि जन्मभराची सवय आडवी आली. वडीलधारी चुलत बहीण समोर आहे आणि तिच्या पाया न पडता पुढे जायचं, हे त्याच्या गुडघ्यांना जमलंच नाही. तो वाकला. "पाया पडतो आक्का."

"औक्षवंत व्हय," आत्याही सवयीने म्हणाली. आणि मग तिने त्याच्या दंडाकडे पाहिलं. "ज्ञानू? तुला काय झालं रं? तू कशापायी रगात दिलंस?"

ज्ञानू तिच्या पायाशी होता तो तिथेच बसला. आबाचा चुलत भाऊ, आबाच्या शेतावर राबणारा, स्वभावाने गरीब माणूस. हात जोडून म्हणाला, "आक्का, काय बोलू नगंस. आबाची इज्जत तुज्या हातात हाय. मलाबी ठिवनार न्हाई तो."

हे मला तिने परतीच्या एसटीत सांगितलं. मी दारातून पाहिलं ते एवढंच की आत्या बाकावर ताठ बसली आहे आणि एक माणूस तिच्या पायाशी. मला वाटलं, कुणी गाववाला भेटला. आत टेबलावर डॉक्टर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. शिपाई लाख वितळवत होता. लाखेचा वास सगळ्या खोलीत भरला होता. एक बाटली बांधून झाली, दुसरी झाली, समोरच्या खोलीतून आलेली तिसरी राहिली होती. आत्याला फक्त बसून राहायचं होतं. तिने तोंड उघडलं नसतं तर जगात कुणालाही कळलं नसतं. हैदराबादहून कागद आला असता की हा माणूस बाप नाही, आणि तो कागद खराच असता. आबाची जीप पंचमीला तिच्या दारात उभी राहिली असती.

ती उठली. ज्ञानूने तिच्या लुगड्याचा काठ धरला, तो तिने सोडवला. आत येऊन टेबलापाशी उभी राहिली आणि मोठ्याने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "डाक्टर, ती तिसरी बाटली बांदू नगा. ते रगात माज्या भावाचं न्हाई."

आबाचा वकील धावत आला. "बाई, तुम्हाला कळतंय का काय बोलताय?"

"कळतंय. म्हनून तर पाय कापायल्यात. बसाया काय हाय का?"

मी स्टूल दिलं. तिने माझा हात धरला तो सुटेना. डॉक्टरांनी पोलीस बोलावले. ज्ञानूने सगळं सांगून टाकलं. कोर्टाने मग आबाला स्वतः बोलावलं, कागदावर फोटो चिकटवून, पोलिसासमोर रक्त घेतलं. आता नाही म्हणायला त्याला तोंड राहिलं नव्हतं.

उत्तर यायला फार वेळ लागला. तो काळ आत्याने कसा काढला ते मी पाहिलं आहे. भावकीने तिला लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं. सोयरिकीची चौकशी करायला येणारे लोक तिच्या दारावरून पुढे जाऊ लागले. ज्यांची नाती तिने जुळवली होती ती माणसं बाजारात तिला बघून मेथीच्या जुड्या निवडू लागली. पंचमीला जीप आली नाही. ती सकाळपासून नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, कुणी विचारलं की म्हणायची, "आज उकडतंय लई, म्हनून भाईर बसलीय."

मी पत्रक काढलं. चांगलं जहाल काढलं. तिला वाचून दाखवलं. एका शब्दावर तिने मला थांबवलं.

"नराधम म्हंजी काय?"

सांगितलं.

"माज्या भावाला आसं लिवलंस?"

"आत्या, तो आहेच."

"हाय. पन माजा हाय. खोड."

मी खोडलं नाही. पत्रक तसंच वाटलं. तिने मला महिनाभर चहा दिला नाही, पण ओट्यावरून ऊठही म्हणाली नाही. आबा शुद्ध बीज आणि शुद्ध रक्ताच्या गप्पा मारत कारखान्यावर फिरत होता, तेव्हा मी तिच्यापुढे हात जोडले. आज्याची गोष्ट छापू द्या, एका दिवसात त्याचं तोंड बंद होईल. आत्या म्हणाली, "त्याचं बंद व्हईल. आन् त्याच्याबरूबर त्या झाडावरल्या सगळ्यांचं? माज्या आजाला कुनी उचलला तवा कुनी पत्रक काडलं हुतं का? माज्या जित्तेपनी छापलंस तर माजं तोंड बगू नगंस." असल्या उमाळ्यांनी लढा हरतो, असं मी तिला तोंडावर म्हणाले. मला आजही अर्धवट तसंच वाटतं.

कागद आला. न्यायाधीशांनी वाचला. इंग्रजी फार, पण शेवट सरळ होता. आबाच चंदाचा बाप. सुरेखा मटकन खाली बसली. मी बाहेर येऊन ओरडले, वकीलबाईंना मिठी मारली, पेढे आणायला कुणाला तरी पिटाळलं. आत्या कोर्टाच्या लिंबाखाली उभी होती. तिने विचारलं, "काय म्हनलं मशीन?"

"आत्या, खरं ठरलं! चंदा आबाचीच!"

"व्हय? मंग मी सांगितलं तवा काय खोटं हुतं?"

मला राग आला. तिचा नाही. त्या बाईने त्या माणसाला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याचं पोर तिने पाळण्यात ओळखलं, सुरेखाने शपथेवर सांगितलं, आणि त्या दोघींच्या शब्दाला कोर्टात किंमत किती, तर मागच्या बाकांवरून हसण्याइतकी. हैदराबादच्या यंत्राचं भलं होवो. ते नसतं तर चंदा आज बिनबापाची म्हणून फिरली असती. पण ज्यांना बाईचं तोंड ऐकू येत नाही आणि बाटलीतलं रक्त ऐकू येतं, त्यांच्या कानांची तपासणी कोण करणार?

पोटगी सुरू झाली. वंशवृक्षही छापून आला, रंगीत, काचेत मढवून देवळात लावला. आबाच्या फांदीला पान नाही.

त्यानंतर दोन पावसाळे आत्या जगली. चंदाला घेऊन सुरेखा अधूनमधून यायची. आत्या तिला धारा काढायला शिकवायची आणि पोरगी दूध भांड्यात कमी, अंगावर जास्त उडवायची. माहेराचा विषय ती काढत नसे. मी एकदा काढला तर म्हणाली, "त्या रस्त्याला आता काटे वाडले आसतील. मरू दे. तू लगीन कदी करनार?"

ती गेली ती साध्या तापाने. निरोप मिळाला तेव्हा मी शेवगावला सभेत होते. पोहोचले तोवर उन्हं चढली होती. आत्याला अंगणात ठेवलं होतं, आंघोळ घातलेली, आणि माणसं नुसती उभी होती. कुणी उचलत नव्हतं. मी तिच्या दिराला विचारलं, कशाची वाट बघताय?

"म्हायारचं लुगडं यायचंय," तो म्हणाला.

बाई गेली की तिच्यावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आबाकडे सकाळीच माणूस पाठवला होता. जीपने अर्ध्या तासाची वाट. आबाने सांगितलं होतं, माझी बहीण कोर्टात मेली. भावकीलाही ताकीद होती. ज्ञानू आला होता, पण रिकाम्या हाताने. कुंपणाबाहेर उभा राहून डोळे पुसत होता. आबाला विचारल्याशिवाय लुगडं आणायची त्याची छाती नव्हती. बाया कुजबुजत होत्या. एक म्हातारी म्हणाली, असं बिनलुगड्याची कशी न्यायची, काय पाप केलं हुतं तिनं. मला वाटलं आता मी तोंड उघडणार आणि त्या अंगणात सभा घेणार.

तेवढ्यात काष्टीच्या रस्त्याने सुरेखा आली, पळतच. बरोबर चंदा. कुणीतरी बाजारात तिला सांगितलं असावं. चंदाच्या हातात दुकानाच्या कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं होतं.

"हे कुनी आनलं?" एका पाहुण्याने विचारलं. "ह्या बाईचा काय संबंद? म्हायारचं मानूस लागतं."

सुरेखा जागीच थांबली. तिने मान खाली घातली. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण माझ्या आधी दीर खाकरला. तोच, मला पत्रकवाली म्हणणारा.

"बाईचं सोड. पोर कुनाची हाय? कोर्टानं काय सांगितलं? आबाची सांगितली ना? सरकारनं रगात तपासलंय. मंग आबाची लेक म्हंजी वैनीच्या म्हायारचीच की." तो पाहुण्याकडे बघत राहिला. "हाय का कुनाला काय बोलायचं? हैदराबादला जाऊन बोला."

बाया बाजूला झाल्या. चंदा आत्यापाशी गेली. लुगडं कसं घालायचं ते तिला माहीत नव्हतं. तिने कागद फाडला, घडी तशीच आत्याच्या छातीवर ठेवली आणि मागे आईकडे बघितलं. म्हातारीने पुढे होऊन एक टोक धरलं, दुसरं चंदाच्या हातात दिलं, आणि दोघींनी ते उलगडत पायांपर्यंत नेलं. चंदाने खाली बसून पावलं नीट झाकली. एक अंगठा बाहेर राहिला होता, तोही झाकला.

मग आत्याला उचललं.